बिनचुन्याची भिंत

कोल्डगिल, अलीकडची बाजू
९ ऑक्टोबर १८६८

सायमन यास भिंतीच्या अलीकडून आईचे आशीर्वाद.

दचकू नकोस, मी मेलेले नाही. अक्षर हॉलमबाईंचं आहे. शाळेच्या बाई, आमच्या बाजूला धान्याच्या खोलीत भाड्याने राहतात. मला अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे, आणि तुला जेमतेम येतं हे मला माहीत आहे. तेव्हा सावकाश वाच, नाहीतर बायकोला, डॉर्कसला वाचायला दे. तिचं वाचन चांगलं आहे. लेकीला, बेसीला ती धडे देते ते माझ्या उशाशी ऐकू येतात. खालची भिंत दोन हात जाड बांधलीस, पण वर खोलीत येईतो तुझे दगड संपत आले होते.

पोस्टाचा टॉमी मला म्हणाला, "आजीबाई, हे पत्र मी इथून उचलणार, खाली बाजारापर्यंत नेणार, तिथे त्यावर शिक्का बसणार, आणि उद्या पुन्हा डोंगर चढून मी ते याच घराच्या पलीकडच्या दारात टाकणार. त्यापेक्षा भिंतीवर काठी का नाही आपटत?"

म्हटलं, "काठी आपटली तर तो म्हणेल म्हातारीला उंदीर दिसला. राणीचा शिक्का आला की टोपी काढून उघडेल."

आता मुद्द्याचं. मेंढ्या खाली आणल्या त्या आठवड्यात मी गोठ्याच्या पायरीवरून पडले. पाय गेले. तुझ्या भावाने, मायल्सने, आणि मोलकऱ्याने मला दगडी जिन्यावरून वर उचलून आणलं, जनावर चढवतात तसं, शिव्या देत. तेव्हापासून मी माझ्या वरच्या खोलीतच आहे आणि इथून आता एकदाच निघणार आहे. अडचण ही आहे, की निघायला वाट नाही.

तू गवंडी माणूस, तुला घर समजावून सांगायला नको. पण बाईंना कळावं म्हणून सांगते, तूही ऐकून घे. आपला जिना गोल फिरत वर येतो. जिवंत माणूस त्यावरून येतं, कारण त्याला कंबर असते. शवपेटीला कंबर नसते. खिडक्यांना मधे दगडी गज, त्यातून मांजर जाईल. म्हणून घर बांधणाऱ्यांनी बोळावरच्या तक्तपोशीत फळ्यांचं झाकण ठेवलं. झाकण काढायचं, दोर लावायचे, पेटी खाली बोळात सोडायची, आणि समोरच्या दारातून बाहेर. आपल्याकडचं प्रत्येक मेलेलं माणूस तसंच गेलं. तुझे वडील तसेच गेले, आणि त्यांच्यामागे तुम्ही दोघांनी ती वाट बुजवलीत.

त्या शहाण्याने मृत्युपत्रात लिहवलं, घर दोघांना, मधल्या दारापासून सारखं. त्याला वाटलं, दार एकच ठेवलं की येताजाता तरी बोलतील. तुम्ही दाराचेच दोन भाग केलेत! बोळाच्या बरोबर मधून भिंत. ती खालून वर आली ती झाकणाच्याही बरोबर मधून. अर्धं झाकण तुझं, अर्धं मायल्सचं. बोळ इतका अरुंद झाला की दार आतून दगडांनी बुजवून दोघांनी आपापल्या बाजूला नवी दारं फोडलीत. वाटणी इतकी सारखी झाली, की या घरात आता कुणालाच मरायची सोय नाही.

एलेन म्हणते, पलंग खाली हलवू. तुझ्या वहिनीचं मन चांगलं आहे, पण हा पलंग याच खोलीत बनवलेला आहे, सुटा केल्याशिवाय निघणार नाही. आणि चीज दाबायच्या यंत्राशेजारी पडून मला मरायचं नाही. पुढे मायल्सच्या नव्या दारातून न्यायचं, म्हणजे गाईंच्या मागून. मी या घरात नवरी म्हणून आले ती समोरच्या दारातून, कपाळपट्टीवरच्या दगडाखालून मान वाकवून. जाताना मान वाकवायचा त्रास नाही, तेवढं तरी सुख मला द्या.

मागणं एवढंच: माझी वेळ येईल तेव्हा भिंत उघडशील का? मायल्स म्हणतो, भिंत सायमनच्या हातची आहे, मी हात लावणार नाही. म्हणून तुला विचारते.

खाली फुली आहे ती माझी. बाई म्हणाल्या नाव लिहायला शिकवते. म्हटलं, आता कुणाला फसवू?

×


कोल्डगिल
३० ऑक्टोबर

सायमन,

उत्तर नाही. टॉमीने शपथेवर सांगितलं की पत्र डॉर्कसच्या हातात दिलं. म्हणजे तू वाचलंस आणि कप्प्यात ठेवलंस. तुझ्या वडिलांचीही हीच तऱ्हा, पटलं की गप्प, नाही पटलं तरी गप्प. चाळीस वर्षं मी अंदाजावर संसार केला.

बाई म्हणतात पत्रात रागावू नये. मी रागावलेली नाही, बाई. हेही लिहा.

काल सुतार विल्किन येऊन गेला. पलंग बघायला म्हणून आला होता, पण नजर माझ्या खांद्यांवर. म्हटलं, "विल्किन, माप घ्यायचं तर सरळ घे, चोरून काय बघतोस?" लाजला बिचारा. म्हणाला, "आजी, तुमच्या मापाची पेटी करीन झकास. पण ती बाहेर काढणार कशी, ते तुमच्या पोरांना विचारा. मी सुतार आहे, जादूगार नाही."

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आपले वासे फिरले नाहीत रे. पडल्या पडल्या मी ते रोज बघते. मधली मोठी तुळई तुझ्या भिंतीतून आरपार तुझ्याकडे गेली आहे, तिचं एक टोक मायल्सच्या डोक्यावर, एक तुझ्या. दगडी फरश्यांचं एवढं छप्पर, ते अजून एकच आहे. ते कुणाला वाटून घेता आलं नाही. तुझ्याकडे बर्फ साचलं की कुरकुर माझ्याकडे ऐकू येते.

आणखी एक ऐकू येतं. तुझ्याकडे कुणीतरी खोकतं. बेसीचा खोकला नव्हे, तो मला ओळखू येतो. माझी झोपमोड होते म्हणून विचारते, बाकी काही नाही. तुझं धुरांडं धूर कोंडतं का? मोठं चुलाण मायल्सच्या वाट्याला गेलं आणि तू शेगडीचं धुरांडं गोठ्याच्या भिंतीला टेकवलंस, तेव्हाच मी म्हटलं होतं, उत्तरेचा वारा ते परत खाली दाबेल.

एलेनने छातीला चोळायला हंसाच्या चरबीची बरणी केली आहे. पोस्टाने पाठवायची तर बाजारात जाऊन येईस्तोवर गोठेल. उद्या ती आमच्या कोपऱ्यातल्या खिडकीच्या कठड्यावर असेल. बेसीला दंताळं घेऊन पाठव, ओढून घेईल. मायल्सला दिसणार नाही. दिसलं तरी बोलणार नाही, कारण बरणी त्यानेच तिथे ठेवली असेल.

×


कोल्डगिल
६ डिसेंबर

सायमन,

तुझं पत्र आलं. बाईंनी उलटून पालटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. एकच ओळ: "बोळाचं काय ते मायल्सने येऊन बोलावं."

मी ते बाईंकरवी मायल्सला वाचून दाखवलं. तो चुलाणापाशी बूट वाळवत होता, असं बाई सांगतात. म्हणाला, "भिंत कुणी बांधली? ज्याने बांधली त्याने बोलावं." बाईंनी वर येऊन मला सांगितलं. मी बाईंना खाली पाठवलं, "त्याला विचारा, भिंत बांधायला लावली कुणी?" बाई वर आल्या, म्हणाल्या, ते बूट घालून बाहेर गेले. ओलेच.

दमल्या बिचाऱ्या बाई. जिन्यावर त्यांचा श्वास लागतो.

मी विसरलेले नाही, सायमन. वडिलांना पुरून आलो त्याच दिवशी. लोक जेवायचे होते. डॉर्कस नवी नवरी, काय करू काय नको झालेलं तिला. तिने किटली उचलली आणि चुलाणावर टांगायला गेली. आणि मायल्स सगळ्यांदेखत म्हणाला, "खाणवाल्याच्या पोरीने या चुलाणाला हात लावायचं कारण नाही." तिने किटली खाली ठेवली, आवाज न करता. तू ताट सरकवलंस. दुसऱ्या आठवड्यात तू चुना भिजवत होतास. तो वास अजून माझ्या नाकात आहे. पावसात भिंत भिजली की अजून येतो.

वाक्य चुकीचं होतं. मायल्सला तेव्हाच कळलं होतं. पण आपल्याकडे पुरुष चुकलेलं वाक्य परत घेत नाहीत, त्यावर भिंत बांधतात, आणि वर पुन्हा तिला आरपार बांधदगड घालून पक्की करतात.

आठवतं का, तू पाच वर्षांचा असशील. वरच्या शेताच्या भिंतीत मेंढ्यांना जायला खाली भोक ठेवतात ना, त्यात घुसलास आणि अडकलास. ढुंगण इकडे, डोकं तिकडे. मायल्स तुझ्या पायाला धरून ओढत होता आणि रडत होता, तू पलीकडून हसत होतास. मी धावत आले तेव्हा तो म्हणाला, "आई, हा अर्धा तिकडे गेला!" ते वाक्य मला हल्ली सारखं आठवतं.

खोकला वाढला आहे. डॉर्कस रात्र बसून काढते का? पलंगाची फळी कुरकुरते. बेसी गाणं म्हणते तिच्यासाठी, मधलं कडवं विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिला सांग, विसरलेलं कडवं आजीला येतं. ते कोकरू हरवतं तिथलं.

डॉक्टरला बोलाव. मायल्सचा घोडा लागला तर खुंटीवरचं खोगीर उचल, विचारू नकोस.

×


कोल्डगिल
१७ जानेवारी १८६९

सायमन,

हे पत्र पोस्टाने नाही. बाई स्वतः बर्फातून घराला वळसा घालून आणत आहेत. त्यांना आत घे, शेगडीपाशी बसव.

खोकला पहाटे थांबला. मी वाट बघत राहिले. मग बेसी गात नव्हती, तेव्हा कळलं.

मी माझ्यासाठी दार मागत होते. थट्टाच करत होते निम्मी. रांगेत मी पुढे होते, हे सगळ्यांना माहीत होतं, विल्किन मापही घेऊन गेला होता. ती बत्तीस वर्षांची पोर मला ओलांडून पुढे गेली. आता वाट तिला हवी आहे. तुझा लाकडी जिना म्हणजे शिडीच, तुझीही खिडकी गजांची. तीच अडचण तुझ्याकडे, सारखी वाटून घेतलेली.

तिला पोत्यासारखी शिडीवरून उतरवू नकोस. खांद्यावर घेऊन उतरवू नकोस. ती माझ्यासारखीच या घरात नवरी म्हणून समोरच्या दारातून आली आहे. ती त्याच दारातून जाईल.

मी मायल्सला वर बोलावलं आणि सांगितलं. तो दारात उभा राहिला. टोपी हातात. मग म्हणाला, "आई, मी खालून दार मोकळं करतो. ते दगड माझे आहेत. पण भिंत त्याची आहे. त्याने एकदा ठोकलं की मी सुरू करीन. त्याने नाही ठोकलं तर मी कोण?"

तो आता बोळाच्या आपल्या अर्ध्या भागात पहार घेऊन बसला आहे. एलेन सांगते, काही खाल्लेलं नाही.

तुला बोलायला नको. त्यालाही बोलता येत नाही. हातोडी घे आणि एकदा ठोक. एवढंच.

×


कोल्डगिल
२ फेब्रुवारी

सायमन,

टॉमी म्हणाला, "अजून पत्रंच? आता तर भिंतीला भगदाड आहे." म्हटलं, भगदाडातून माणूस दिसतं, बोलत नाही. लिहायलाच हवं.

तू त्या दिवशी खाली मान घालून होतास. म्हणून तुला जे दिसलं नाही ते मी सांगते. मी पडून होते, मला सगळं दिसलं.

तू एकदा ठोकलंस. मग खालून मायल्सने. मग किती वेळ तुमच्या दोघांच्या हातोड्या एकामागून एक वाजत होत्या, जसे तुम्ही लहानपणी वडिलांबरोबर भिंत रचताना ठोकायचात. मला वाटलं छप्पर येणार. नाही आलं. वरचा पहिला दगड निघाला आणि माझ्या खोलीत तुझ्याकडचा उजेड आला. उत्तरेचा, पांढरा. मग तू दिसलास. नऊ वर्षांनी, इतक्या जवळून. अंगभर चुन्याची धूळ, भुवया पांढऱ्या, मला वाटलं तुझे वडीलच आले न्यायला. म्हणणार होते, थांबा, आज माझी पाळी नाही.

मग भिंत खाली गेली आणि तिचा पलंग दिसला. तुला माहीत होतं का रे? तिचं उसं आणि माझं उसं एकाच भिंतीला. मधे एक दगड. आम्ही दोघी नऊ वर्षं डोक्याला डोकं लावून झोपत होतो.

झाकण काढलं. पेटीला दोर तू लावलेस, गाठी बघून मला बरं वाटलं. वरून तू आणि खाणीतून आलेले तिचे भाऊ, खालून एकटा मायल्स. दोर जरा सुटला तेव्हा पेटी तिरकी झाली, तुम्ही सगळे ओरडलात. खालून मायल्स एवढंच म्हणाला, "सोडा. धरलीय मी." तो सगळा भार त्याने छातीवर घेतला. आज दोन आठवडे झाले, त्याला डावा हात वर करता येत नाही. तो कुणाला सांगत नाही. म्हणून मी सांगते.

समोरचं दार उघडलं तेव्हा झाकणातून वारा वर आला, थेट माझ्या अंगावर. नऊ वर्षांत त्या दाराचा वारा विसरले होते.

आणि हे तू ऐकलं नाहीस, तू बाहेर घोड्यापाशी होतास. लोक जमेपर्यंत पेटी बोळात ठेवायची होती. मायल्स म्हणाला, "इथे गारठा आहे. आत घ्या." त्याने पेटी मोठ्या चुलाणासमोर ठेवायला लावली. तिचे भाऊ दाराशीच घुटमळत होते, पायांत खाणीचे बूट. मायल्स एलेनला म्हणाला, "किटली टांग. तिच्या माहेरची माणसं आहेत." एलेन उठली तर म्हणाला, "थांब," आणि किटली स्वतः टांगली. उजव्या हाताने.

एवढंच झालं. मी वरून झाकणातून, चुलाणाच्या खोलीच्या उघड्या दारातून बघत होते.

आणि आज सकाळी मला दगड सरकवल्याचा आवाज आला. एलेनने खात्री करून सांगितलं: सायमन भिंत रचतो आहे. परत.

मी आज थट्टा करत नाही. बाईंना म्हटलं, इथेच फुली काढू द्या.

×


कोल्डगिल
६ फेब्रुवारी

सायमन,

तीन दिवस तू भिंत रचत होतास आणि मी तोंड फिरवून पडले होते. मायल्सला म्हटलं, जा, अडव त्याला. म्हणाला, "त्याच्या बायकोला जाऊन महिना झाला नाही, आई. त्याला हात कुठेतरी लावू दे." हे मायल्स म्हणाला. तुझ्याबद्दल. मी बाईंना दोनदा विचारलं, बरोबर ऐकलं ना?

मग काल दुपारी माझ्या पलंगाखाली खुडबुड झाली. मला वाटलं मांजर. खालून आवाज आला, "आजी, कोकरू हरवतं त्याच्यापुढे काय?"

बेसी होती. अंगभर दगडाची भुकटी, केसांत गवत. म्हटलं, "तू कुठून आलीस गं भवाने?"

म्हणाली, "बाबांनी भिंतीत मेंढ्यांचं भोक ठेवलंय. म्हणाले, यातून मोठ्या माणसांनी जायचं नाही, अडकतात."

मी तिला कडवं शिकवलं. दोनदा म्हटलं. मग तिला माझ्या उशाच्या भिंतीत बोट घालायला सांगितलं, दगडांच्या मधे. विचारलं, "काय लागतं?" म्हणाली, "काही नाही आजी. वारा येतो." मी एक खालचा दगड काठीने ढोसून पाहिला. हलला.

तेव्हा मला कळलं, इतके दिवस भिंत वर चढत होती आणि मला चुन्याचा वास का आला नाही. मला वाटलं होतं नाक गेलं.

शेताची भिंत रचतोस तशी रचलीस, कोरडी. कोल्डगिलमध्ये घराच्या आत कुणी अशी भिंत बांधत नाही. चुन्याची भिंत फोडायला दोन माणसं, दोन पहारी आणि एक मेलेली बाई लागली. ही एका सकाळी उतरेल. झाकणही तू या वेळी मोकळं ठेवलंस, भिंत त्याच्या कडेने वळवून नेलीस. वाकडी दिसते, असं एलेन म्हणते. असू दे. बोळातल्या दाराला आता आतून दगड नाहीत, नुसता अडसर आहे, हेही तिनेच सांगितलं.

तू काही लिहिलं नाहीस, लिहिणारही नाहीस. तुझ्या ओळीपेक्षा तुझी भिंत मला नीट वाचता येते. बाई हसताहेत. हसू द्या.

आता माझं ऐक. मायल्सचा डावा हात अजून वर होत नाही. माझी पेटी जड नसेल, मी सुकले आहे, पण दोराला दोन माणसं लागतात, आणि खाली धरायला एक. वर तू राहा. खाली पुन्हा त्यालाच राहायचं असेल, तो हट्ट करील. त्याला करू दे, पण दोर सैल सोडू नकोस.

घाई नाही. उन्हाळ्यात गवत कापून होऊ दे. बेसीला अजून दोन गाणी शिकवायची आहेत, दोन्हींची मधली कडवी मीच विसरले आहे.

टॉमीला आज चढ चढायला लावत नाही. हे पत्र बेसी भोकातून आणेल. तिच्याबरोबर ओटच्या भाकऱ्या पाठवल्या आहेत, चुलाणावरच्या. त्या कुणी भाजल्या विचारू नकोस, एका बाजूने करपल्या आहेत. एका हाताने उलटवता येत नाहीत.

×